आठवी ओळ

"आता सांग. हे बरं…"

टिक.

"…की हे?"

सदतीस वर्षं झाली, तरी तो आवाज माझ्या उजव्या कानामागे मुक्कामाला आहे. मोठा नाही आणि अगदी कुजबुजही नाही. झोपलेल्या बाळाच्या अंगावरून पांघरूण सरकवताना हात जसा हलका होतो, तसा हलका केलेला आवाज. 'हे बरं' आणि 'की हे' यांच्यामध्ये काचेवर काच टेकल्याची एक टिक. त्या टिकेची वाट पाहता पाहता मी एका माणसाचं आयुष्यभराचं काम बुडवलं.

आवाज माझ्या आत्याचा. घरातल्या तिच्या आवाजाशी मात्र त्याचं काही नातं नव्हतं. घरात आत्या बोलली की जिन्यावरून पातेलं गडगडत आल्यासारखं वाटे. बाबांची ती थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं, कुणाचं ऐकलं नव्हतं, आणि आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहून ती खालच्या मजल्यावर राज्य करत होती. "ताई बोलायला लागली की शेजारी खिडक्या लावून घेतात," असं बाबा म्हणायचे. तेही ती दुकानात गेल्यावर.

दुकान चष्म्यांचं होतं. रस्त्याच्या वळणावर, घड्याळवाल्याच्या शेजारी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरावं एवढं अरुंद. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमा मांडलेल्या. मागे जाड हिरवा पडदा, आणि पडद्याआड ती खोली. एक गोल फिरणारी खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वाकणाऱ्या मानेचा दिवा आणि एक लाकडी पेटी. पेटीत मखमलीच्या खाचांतून भिंगं उभी असायची, दोनशेच्या वर. उन्हाचा एखादा कवडसा चुकून आत आला तर सगळी एकदम लुकलुकायची.

त्या खुर्चीत बसून मी गरागरा फिरायचे म्हणून आत्यानं माझं नाव भिंगरी ठेवलं होतं.

मी नऊ वर्षांची असताना शाळेतून चिठ्ठी आली. सगळ्याच मुलांचे डोळे तपासून घ्या म्हणून. आत्यानं मला खुर्चीत बसवलं आणि फिरू नये म्हणून पायानं खुर्ची अडवली. नाकावर भिंगं अडकवायची जड लोखंडी चौकट ठेवली, काड्या कानांमागे सरकवल्या. तिची थंड बोटं कानाच्या पाळीला लागली. मग तिनं दिवा वाकवला, माझ्या अगदी जवळ आली, आणि तो दुसरा आवाज काढला.

"खाली बघू नकोस. समोर. हं, अशी. आता सांग. हे बरं…"

टिक.

आणि मला ते झालं.

कसं सांगू? आधी कानामागे, मग मानेवर, मग दोन्ही खांद्यांच्या मधोमध. केसांच्या मुळांतून बारीक बारीक मुंग्या निघाव्यात, आणि त्या चावू नयेत, नुसत्या चालाव्यात. डोळे उघडे असून मिटल्यासारखे. अंग जागं आणि जीव झोपलेला. भीतीनं काटा येतो तसं नाही, थंडीनं शिरशिरी येते तसंही नाही. तिची बाही खसखसली की एक लाट, तिनं फडक्यानं भिंग पुसलं की दुसरी. दिवसभर डोक्यात जे काही वाजत असायचं, गणितं, भांडणं, बाईंचा धाक, ते सगळं कुणी तरी हळूच खाली ठेवून निघून गेल्यासारखं.

मग आत्यानं हातात कार्ड दिलं.

हे कार्ड तिचं स्वतःचं होतं. जवळचं वाचून बघायला कंपनीकडून छापील कार्डं यायची, पण त्यांवरचा मजकूर तिला पसंत नव्हता. "काय ते, 'कारखान्यातील यंत्रे.' डोळे तपासायला आलेला माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात त्याला कारखाना कशाला?" म्हणून तिनं टाकाच्या निबानं स्वतः रचून एक ओवी लिहिली होती. आठ ओळी, प्रत्येक ओळीचं अक्षर आधीच्या ओळीहून लहान.

डोळा माझा गं अंगण
नीज झाडून काढते
दार उघडून उभी
उन्हाला मी बोलावते
लांब डोंगराची रांग
इथे मुंग्यांची वरात
ज्याला दिसेना दिसेना

आठवी ओळ इतकी बारीक की ती ओळ आहे की कागदाची सुरकुती, असं पुष्कळांना वाटायचं. बहुतेक गिऱ्हाइकं सहाव्या ओळीवर थांबत. आठवी ओळ आत्या कधीच मोठ्यानं म्हणत नसे. घरातही कुणाला तिनं ती सांगितली नव्हती. "सांगितली की लोक पाठ म्हणून दाखवतात. मग मला काय कळणार, डोळ्यांनी वाचली की तोंडानं?"

मी त्या दिवशी सातही ओळी घडाघडा वाचल्या. आठवी दिसत होती. अगदी स्वच्छ, तिच्या टाकाची शेवटची बारीक ओढसुद्धा. तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की ही वाचली की झालं. चौकट उतरणार, दिवा सरळ होणार, आणि आत्याचा आवाज पुन्हा पातेल्यासारखा होणार.

"पुढचं दिसत नाही," मी म्हटलं.

बस, एवढंच. सुरुवात एवढीशीच होती.

आत्यानं भिंग बदललं. मी म्हटलं, थोडं बरं. तिनं दुसरं लावलं. मी म्हटलं, सारखंच वाटतंय, परत दाखव. तिनं परत दाखवलं. घरात भाजी चिरताना दोनदा विचारलं तर खेकसणारी माझी आत्या पडद्याआड वीस वेळा तेच विचारायची, आणि विसाव्या वेळी आवाज पहिल्यापेक्षा मऊ असायचा. डोळ्यात दिव्याचा झोत पाडून बघायची तिची एक पद्धत होती. त्यात तिला काहीच दोष दिसेना. ती स्वतःशी पुटपुटली, "मला तर काही दिसत नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पण डोळा तुझा आहे, बाई. तुला काय दिसतं ते मी कोण सांगणार?"

तिच्या कामाचा सगळा पाया हाच होता. समोरचा जे सांगेल ते खरं धरायचं. दिवा काहीही म्हणो, शेवटचा शब्द खुर्चीतल्या माणसाचा.

मला हलक्या नंबरचा चष्मा लागला. चष्म्यानं डोकं दुखायचं. मी शाळेत तो दप्तरात ठेवायचे. दोन-तीन महिने गेले की मला ते पुन्हा हवंसं व्हायचं. मग मी जेवताना म्हणायचे, "आत्या, फळा धूसर दिसतो गं." तिचा घास हातात राहायचा. "उद्या शाळेतून थेट दुकानात ये."

अशी तीन वर्षं.

त्या तीन वर्षांत आत्याचं काय काय झालं हे तेव्हा मला दिसत होतं, पण ते माझ्यामुळे आहे हे मी मनाला कळू दिलं नाही. आधी तिनं दिवा बदलला. मग फीत घेऊन तक्ता आणि खुर्चीतलं अंतर मोजलं, एकदा, दोनदा, घड्याळवाल्याला बोलावून तिसऱ्यांदा. पेटीतली सगळी भिंगं काढून एकेक तपासली. बाबांना गंमत वाटली. "ताई, पेटी म्हातारी झाली की तू?" आत्यानं त्यांना उत्तर दिलं नाही. आत्यानं उत्तर दिलं नाही अशी ती आमच्या घरातली पहिली वेळ असावी.

मग ती गिऱ्हाइकांना परत बोलवायला लागली. "चष्मा बरा आहे ना? नक्की? एकदा बसा बघू खुर्चीत." लोक हसायचे. एक शिक्षक तिला म्हणाले, "बाई, आम्हाला छान दिसतंय, तुम्हालाच का शंका?" ती ओशाळून हसली. घरच्या पोरीचा नंबर सापडत नाही म्हटल्यावर बाहेरच्यांचे बरोबर निघतात कशावरून, हे तिच्या मनानं घेतलं होतं.

शेवटी तीच मला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. दुकान बंद ठेवून, चांगले कपडे घालून, माझे सगळे जुने नंबर एका वहीत लिहून. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्यावर यंत्रातून पाहिलं, आणि खुर्ची मागे ढकलून म्हणाले, "डोळे उत्तम आहेत मुलीचे. हा चष्मा कुणी दिला?"

"मी," आत्या म्हणाली.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त हसले. अगदी सभ्यपणे. म्हणाले, "होतं असं कधी कधी. लहान मुलांचं काम अवघड असतं, सगळ्यांना जमत नाही." आत्यानं वही उघडलीच नाही. मांडीवरची ती वही तिनं पिशवीत परत ठेवली, आणि पिशवीचा बंद दोनदा बांधला.

थेंबांमुळे मला बाहेर आल्यावर खरोखरच काही दिसेना. ऊन नुसतं पांढरं सांडलेलं, माणसं म्हणजे हलणारे डाग. आत्यानं माझा हात धरला. "पायरी आहे. आता फुटपाथ. आता थांब, गाडी जाऊ दे." रस्ताभर ती त्याच पडद्याआडच्या आवाजात बोलत होती. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हाही ते होत होतं. कानामागे, मानेवर, खांद्यांच्या मधोमध.

वळणावर ती थांबली.

"भिंगरी, एक विचारू? ती शेवटची ओळ. तुला खरंच दिसत नव्हती?"

तिच्या विचारण्यात आरोप नव्हता. ती माझ्याकडे हात पसरून उभी होती, असं आता वाटतं. मी हो-नाही काहीही म्हटलं असतं तरी तिनं ते खरं धरलं असतं. बारा वर्षांची होते मी. काय सांगायचं हे माहीत होतं. का, हे सांगायला शब्द नव्हता. तुझ्या बोलण्यानं माझ्या डोक्यात मुंग्या चालतात, म्हणून मी तीन वर्षं खोटं बोलले? असं कुणी कुणाला सांगतं का? वेडी म्हणाले असते. आणि मग तो आवाज कायमचा गेला असता.

"नव्हती दिसत," मी म्हटलं.

"मग माझंच चुकलं," आत्या म्हणाली, आणि माझा हात आणखी घट्ट धरून चालू लागली.

त्या आठवड्यात हिरवा पडदा उतरला. फिरती खुर्ची घड्याळवाल्याकडे गेली, तो तिच्यावर बसून घड्याळं उघडू लागला. आत्या डोळे तपासायला लोकांना दुसरीकडे पाठवायची, आणि चिठ्ठी घेऊन आले की भिंगं घासून फ्रेमांत बसवायची, स्क्रू आवळायची. तिचा बसवलेला चष्मा नाकावरून कधी घसरत नसे, असं लोक म्हणायचे. पण 'हे बरं की हे' तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही. घरात मात्र ती थट्टा झाली. कुणाला किल्ली सापडली नाही की बाबा म्हणायचे, "आत्याकडून नंबर काढून आलास वाटतं." सगळे हसायचे. आत्यासुद्धा. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचे.

पुढे मी छापखान्यात नोकरीला लागले. औषधांच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो ना, कुणीच वाचत नाही असा, त्याची मुद्रितं तपासते. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. चाळिशी उलटली तरी मला भिंग लागत नाही. सहकारी कौतुक करतात, "डोळे आहेत की काय तुमचे." मी मान खाली घालते.

ते मुंग्यांचं मी कुणालाच सांगितलं नाही. चोरासारखी शोधत राहिले. पोस्टातली बाई कागदावर हळू शिक्के मारायची तेव्हा. शिंपिणीनं तोंडात टाचण्या धरून माप घेतलं तेव्हा. मिळायचं, पण ते पूर्वीचं नाही. आणि मिळालं की पाठोपाठ आत्यानं दोनदा बांधलेला तो पिशवीचा बंद आठवायचा. सुख आणि बोच एकाच वाटेनं यायची, मानेवरून.

मागच्या महिन्यात, रविवारी दुपारी, माझी लेक सोफ्यावर पाय पसरून पडली होती. कानांत इयरफोन, चेहऱ्यावर असं काही की मी दारातच थांबले. तो चेहरा मला आतून माहीत होता.

"काय ऐकतेस गं?"

"तुला नाही कळायचं, आई."

"कळवून तर बघ."

तिनं एक इयरफोन माझ्या कानात घातला आणि फोन समोर धरला. पडद्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी होती. कुठल्या तरी दुसऱ्याच भाषेत, अगदी हळू, डोळे तपासायचं नाटक करत होती. हातात भिंग. ते तिनं दुसऱ्या भिंगाला टेकवलं.

टिक.

मी खाली बसले. सदतीस वर्षांनी सगळी वरात निघाली, कानामागून, मानेवरून, खांद्यांच्या मधोमध. आणि डोळ्यांतून पाणी.

"आई? अगं काय झालं?"

"याला काय म्हणतात?"

"एएसएमआर. काही लोकांना होतं, काहींना नाही होत. मला होतं. तुलाही होतं? भारीच की. मला वाटलं आजीकडून आलं असेल."

"मला वाटायचं, मला एकटीलाच होतं."

"एकटीला? खाली आकडा बघ. चाळीस लाख लोकांनी पाहिलंय हे." ती हसायला लागली. "लोक ऐकता ऐकता झोपतात, आई. त्यात लाजायचं काय?"

काही नाही. लाजायचं काहीच नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती तर. जेवताना एकदा म्हणायचं होतं, आत्या, मला काही झालेलं नाही, तू फक्त तशी बोल ना थोडा वेळ. ती आधी खेकसली असती. म्हणाली असती, कार्टे, मला काय दुसरे उद्योग नाहीत? आणि मग दिवा वाकवून माझ्याजवळ बसली असती. मला ठाऊक आहे, बसली असती.

काल मी सुटी घेऊन गेले.

आत्या आता एकोणऐंशीची. बाबा गेल्यावर वर-खाली तिचंच राज्य आहे, पण प्रजा उरलेली नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांतलं मधलं गेलंय, कडेकडेचं दिसतं. माझा चेहरा बघायचा तर ती माझ्या कानाकडे बघते.

"आलीस? वाट चुकलीस की काय?"

"मुद्दाम आले."

"मुद्दाम? म्हणजे काही तरी मागायला." तिनं हातानं चाचपून खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस. फिरू नकोस."

"ही फिरत नाही, आत्या."

"तुझा काय भरवसा."

थोडा वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं, "ते कार्ड आहे का गं अजून? ओवीचं?"

ती उठली, भिंतीला हात लावत कपाटापाशी गेली, आणि लाकडी पेटी घेऊन आली. भिंगं तशीच होती, खाचांतून उभी. झाकणाच्या आतल्या बाजूला अडकवलेलं कार्ड तिनं काढलं आणि मांडीवर पालथं ठेवलं, कोरी बाजू वर.

"हे माझ्या फजितीचं सर्टिफिकेट," ती म्हणाली. "आता मलाच यातली पहिली ओळ दिसत नाही. मध्यावर नुसता डाग." बोटानं ती कार्डाची कड चाचपत राहिली. "तुला सांगते, भिंगरी. डोळे गेले त्याचं मला इतकं नाही. पण तुझा नंबर काय होता, ते मला अजून कळलेलं नाही. अजून कधी झोप लागत नाही तेव्हा मी मनात तुला खुर्चीत बसवते. एकेक भिंग लावून बघते. कुठं चुकलं माझं?"

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली. मी माझी खुर्ची तिच्या अगदी जवळ नेली. तिच्या कानामागचे पांढरे केस बाजूला केले. माझी बोटं थंड असावीत, कारण तिनं मान किंचित आखडली.

"आत्या, ओवी म्हण ना."

"आता कशाला?"

"म्हण. सातव्यापर्यंत."

तिनं ओवी म्हटली. घरातल्या आवाजात सुरुवात केली, आणि डोंगराच्या रांगेपर्यंत येता येता तो दुसरा आवाज आपोआप आला, जुना, थोडा फाटलेला. इथे मुंग्यांची वरात. ज्याला दिसेना दिसेना. तिथं ती थांबली, मी नेहमी थांबायचे तिथं.

कार्ड तिच्या मांडीवर पालथंच होतं. मी तिच्या कानाशी वाकले आणि तिनं मला शिकवलेल्या आवाजात, हळू, म्हटलं,

"त्याचा धरीन मी हात."

तिचं कडेवरून फिरणारं बोट थांबलं.

"दिसत होतं, आत्या. पहिल्या दिवसापासून स्वच्छ दिसत होतं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तू बोलायची थांबू नयेस, म्हणून मी वाचत नव्हते."